जुनी प्लास्टिकची होडी घेताय? आधी काट्यावर चढवा

माझा चुलतभाऊ पुढच्या आठवड्यात येलदरीकडं एक वापरलेली होडी बघायला चाललाय. फोनवर त्याला सगळं सांगून झालंय, पण सौदा जमत आला की तो घाई करणार आणि मी जे विसरलो तेच विसरणार, हे मला दिसतंय. म्हणून लिहून ठेवतो. माजलगाव, मांजरा, विष्णुपुरी, नाथसागर, धरण कुठलंही असो, थर्माकोलचा चप्पू, म्हणजे तराफा, सोडून पहिल्यांदा प्लास्टिकची होडी घेणाऱ्या कुणालाही याचा उपयोग होईल.

सगळ्यात आधी वजन. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर वाचू नका, पण होडी काट्यावर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी दिले होते. होडी बारा फुटी, दोन थरांची. बाहेरून प्लास्टिक, आतून प्लास्टिक, मधल्या पोकळीत फोम. मागच्या बाजूला चकती होती, तिच्यावर होडीचं वजन 85 किलो आणि भार 300 किलो लिहिलेला. ती वाचून मी खूश झालो. बूच काढलं तर कपभर पाणी आलं. हलवून बघितली, आत काही डुचमळल्याचा आवाज नाही. पाच जणांनी उचलून छोट्या हत्तीत टाकली, आणि पाच जणांत वजन कुणाला कळणार? माजलगावच्या पाण्यात सोडली तेव्हा डाव्या अंगाला जरा कललेली वाटली. म्हटलं, जाळं त्या बाजूला आहे म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि काका होतो, ओलं जाळं होतं आणि कटला-रोहूचे दोन क्रेट. होडीची कड पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं राहिली होती. वारा सुटला, एक लाट आत आली, दुसरी आली, आणि होडी डावीकडं झोपली. काठ जवळ होता, पायाला गाळ लागला, म्हणून वाचलो. काका धापा टाकत अर्धा तास काठावर पडून होते. ते अजून माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

जाळं गेलं, मासा गेला. दुसऱ्या दिवशी होडी आडतीवर नेऊन तोलली तर 131 किलो. म्हणजे 46 लिटर पाणी फोममध्ये मुरलेलं होतं आणि आम्ही दोघं समजत होतो तेव्हा होडीत तिसरा माणूस बसलेला होता.

हे पाणी आवाज करत नाही आणि बूच काढलं तरी बाहेर येत नाही. स्पंजसारखं फोम ते धरून ठेवतं. बाहेरून होडी खडखडीत कोरडी असते. म्हणून वास घेऊन, वाजवून, हलवून काही कळत नाही, वजनच करावं लागतं. उसाच्या ट्रकचा भुईकाटा त्याला चालत नाही, तो दहा-वीस किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतो. सोयाबीनची पोती तोलायचा आडतीतला काटा किंवा भंगारवाल्याचा काटा बघा. होडी अख्खी बसत नाही म्हणून सोडून देऊ नका. पुढचं टोक काट्यावर ठेवा, मागचं टोक तेवढ्याच उंचीच्या लाकडावर, आकडा लिहा. मग होडी फिरवून मागचं टोक काट्यावर आणि पुढचं लाकडावर. टेकायच्या जागा दोन्ही वेळा त्याच ठेवा. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे होडीचं वजन. वल्ही, नांगर, दोर, तळातला चिखल आधी काढा. चकती गेलेली असेल तर तसलीच होडी नवी विकणाऱ्याला फोन करून वजन विचारून घ्या, आणि हे घरून निघायच्या आधी करा. पाच-सात किलोचा फरक मी सोडून देईन. दहाच्या वर गेला तर विकणारा पाहुणा असला तरी उठून या. त्यानं काटा करू द्यायलाच नकार दिला तरी उठून या.

आता बाकीचं. जायचं एप्रिल-मेमध्ये. धरण उतरलेलं असतं, होडी काठावर उलटी पडलेली सापडते, तळ नीट बघता येतो.

होडी खरंच प्लास्टिकची आहे का ते बघा, कारण फायबरच्या होडीलाही लोक प्लास्टिकचीच म्हणतात आणि दोन्हींची दुरुस्ती अगदी वेगळी. कडेच्या आतल्या बाजूनं, जिथं दिसणार नाही तिथं, ब्लेडनं नखाएवढी साल काढा आणि तांब्यात टाका. तरंगली तर पॉलिथिलीन, आपल्या छपरावरच्या काळ्या टाकीच्या जातीचं. बुडाली तर फायबर, मग हा लेख तुमच्या कामाचा नाही. तीच साल निघताना कशी निघते तेही बघा. पेन्सिलीच्या सालीसारखी लांब गुंडाळत आली तर प्लास्टिकमध्ये जीव आहे. भुकटी होऊन पडली तर उन्हानं खाल्लंय. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 ला जातो आणि होड्या वर्षानुवर्षं उघड्यावर पडून असतात. खडूसारखा पांढरा पडलेला आणि भुकटी होणारा तळ घेऊ नका. एक चीर जोडाल, तिच्या शेजारी दुसरी जाईल.

तळाची मधली धार हातानं चाचपा. मुरमावरून ओढून ओढून ती झिजते. नाथसागरात तर पाणी ओसरलं की बुडालेल्या गावांच्या विहिरींची बांधकामं आणि बाभळीचे बुंधे वर येतात, तिथं घासलेल्या होडीच्या तळावर लांब ओरखडे असतात. ओरखडा चालतो, नख अडकेल एवढी चीर असली तर दुरुस्ती धरून भाव करा.

मग भोकं. माझ्या होडीत पाणी तिथूनच शिरलं होतं. आधीच्या मालकानं वल्ह्याची कडी बसवायला चार स्क्रू मारलेले, एक बॅटरीच्या पेटीला, दोन मोबाईल ठेवायच्या डब्याला. प्रत्येक स्क्रू आतल्या थरातून थेट फोममध्ये. होडीच्या तळात साचलेलं पाणी तीन पावसाळे त्या भोकांतून झिरपत राहिलं. कारखान्यातून आलेली भोकं सोडून जेवढे स्क्रू दिसतील तेवढे मोजा, आणि ते मोजून झाले की पुन्हा सांगतो, काटा करा. भोकं दिसली नाहीत तरी काटा करा.

अनुदानातली होडी असेल तर कागद बघितल्याशिवाय हात लावू नका. विकत घेतल्याची पावती लिहून घ्या.

घरी आणताना पातळ दोरीनं करकचून बांधू नका. उन्हात हे प्लास्टिक मऊ पडतं आणि दोरीचा वळ कायमचा बसतो. रुंद पट्टा वापरा. घरी दोन विटांवर ठेवू नका, तळाला पोक येतो. जुने टायर टाका, सावली करा, बूच काढून ठेवा. आत कोंडलेली हवा उन्हात फुगते.

चिरा कुठं आहेत ते साबणाच्या पाण्यानं सापडतात. बुचाच्या भोकातून सायकलच्या पंपानं अगदी थोडी हवा भरा, आठ-दहा दट्टे पुरे, जास्त भराल तर होडी फुगून फाटेल. मग ब्रशनं फेस फिरवा. माझ्या होडीला वल्ह्याच्या कडीखाली मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. तिथंच मार्करनं खूण करा.

जोडायला एपॉक्सी नको, पाइपाचं सोल्युशन नको, डांबर तर नकोच. पॉलिथिलीनला यातलं काही नीट चिकटत नाही, आठ दिवसांत पापुद्रा निघतो. वितळवूनच जोडावं लागतं. प्लास्टिकच्या टाक्या जोडणारा माणूस तालुक्याला असतोच, त्याला बोलवा आणि शेजारी उभे राहा. चिरेच्या दोन्ही टोकांना तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडायला लावा, म्हणजे चीर पुढं पळत नाही. चिरेला तिरकी खाच करायची, वरचा उन्हानं जळालेला थर खरवडून काढायचा, मगच गरम हवेची गन. भरायची पट्टी त्याच जातीची हवी. ठिबकच्या लॅटरलची नळी पॉलिथिलीनचीच असते, ती कापून चालू शकते, पण आधी कडेच्या आत ती वितळवून एक टिपका मारा, गार होऊ द्या आणि पकडीनं ओढा. उपटून आला तर दुसरी पट्टी. पीव्हीसीचा तुकडा कधीच धरत नाही. जोड आपोआप गार होऊ द्या, घाई करून पाणी ओतू नका.

ओलं फोम असेल तर ते वाळवायच्या नादी लागू नका. मी महिनाभर उन्हात ठेवली, चार किलो उतरले. शेवटी आतल्या थराला हात जाईल एवढी दोन भोकं पाडून फोम हातानं ओरबाडून काढलं. त्या जागी झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या भरल्या, एक लिटरची रिकामी बाटली पाण्याखाली गेली तर साधारण एक किलो भार तोलून धरते. थर्माकोलही चालतं, पण होडीला पेट्रोलचं इंजिन असेल तर नको, पेट्रोलनं ते विरघळतं. भोकांवर झाकण वितळवून बसवा.

वल्ह्याच्या कड्या पुन्हा बसवताना आरपार नटबोल्ट, खाली रबरी वॉशर. इंजिन लावणार असाल तर नोंदणीचं आधी विचारा. मासेमारीचा परवाना, संस्थेचं सभासदत्व, ते तुम्हाला माहीत आहे. लाइफ जॅकेट माणशी एक.

पहिल्यांदा उतरवताना बूच लावा. कमरेएवढ्या पाण्यात, माणसांऐवजी वाळूची पोती टाकून तासभर सोडा. कलते का बघा. बाहेर काढा, पुसा.

आणि परत काट्यावर चढवा. पाण्यात जायच्या आधी एकदा, बाहेर आल्यावर एकदा. आकडा वाढला असेल तर साबणाच्या फेसापासून पुन्हा सुरू. प्लास्टिकवर रंग टिकत नाही म्हणून मी वजन तापलेल्या खिळ्यानं कडेच्या आतल्या बाजूला कोरून ठेवलंय, 88, आणि दर दिवाळीनंतर आडत मोकळी झाली की होडी तिथं नेतो. येलदरीहून फोन आला की भावाला पहिला प्रश्न तोच विचारणार आहे, किती भरली?