आधी विहिरीत डोकवा, मग पूल उपसा

अलिबागजवळच्या नागावचं घर ताब्यात आलं तेव्हा जूनचा शेवटचा आठवडा होता. परसात, पोफळींच्या रांगा संपतात तिथे, ३० फूट लांब आणि १५ फूट रुंद स्विमिंग पूल. एका टोकाला साडेतीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला साडेपाच. सहा वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. पाणी काळपट हिरवं, वर कुजलेल्या झावळ्या, आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर वेटोळं घालून बसलेला पाणदिवड.

पाहायला आलेला ठेकेदार म्हणाला, "मॅडम, दोन मडपंप लावतो, परवापर्यंत रिकामा." मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे काका म्हणाले, "ताई, आधी विहिरीत डोकवा."

डोकावले. पाणी जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर होतं. म्हणजे पुलाचा बराचसा भाग जमिनीखालच्या पाण्यात बुडालेला होता, आणि आतल्या हिरव्या पाण्याचं वजनच त्याला खाली दाबून धरत होतं. मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे हिशोब तिथेच कठड्यावर बसून केला. तीन फूट पाण्याचा खालून वर दाब म्हणजे दर चौरस मीटरला ९०० किलोच्या आसपास. माझ्या पुलाचा तळ जवळपास ४२ चौरस मीटर. उथळ बाजूला दाब कमी धरला तरी सगळा मिळून तीस टनांच्या वर जातो. आतलं पाणी काढलं की हा दाब अडवायला नुसतं काँक्रीट उरतं. अशा वेळी तळाला तडे जातात, फरशा सुटतात, कधी अख्खा पूल होडीसारखा उचलला जातो. तो परत खाली बसवता येत नाही.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच. समुद्राजवळ, नदीकाठी, भातखाचरांच्या शेजारी घर घेतलं असेल तर पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू देऊ नका, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. अष्टागरात, म्हणजे आमच्या या अलिबागच्या किनारपट्टीत, जवळपास प्रत्येक वाडीत विहीर आहे. तिच्यात गाठी मारलेला दोर सोडा आणि पाण्याची पातळी दर पंधरा दिवसांनी भिंतीवर लिहून ठेवा. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घेऊन विहिरीचा कठडा आणि पुलाचा काठ यांची उंची जुळवून घ्या, नाहीतर तुलना चुकते. विहिरीतलं पाणी पुलाच्या काँक्रीटच्या तळाखाली गेलं, की मगच पूर्ण उपसा. माझ्याकडे तळाची जाडी धरून हा आकडा साडेसहा फूट होता. मी आठ फुटांपर्यंत थांबले, आणि त्याला मार्च उजाडला.

मधल्या काळात करण्यासारखं पुष्कळ असतं. पहिल्याच दिवशी कुंपण घाला. हिरव्या पाण्यात एक फुटाखालचं काही दिसत नाही. एखादं मूल पडलं तर ते शोधताही येणार नाही. मी बांबू आणि जाळीचं चार फुटी कुंपण घातलं, कडी बाहेरून आणि उंचावर.

त्याच दिवशी वीज. पंपाच्या खोलीचा मेन स्विच पाडा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन येईपर्यंत पाण्यात हातही घालू नका. आमच्याकडे पाण्याखालच्या दिव्याची केबल उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडून तांब्यापर्यंत नेली होती. पुलातले दिवे ट्रान्सफॉर्मरमार्फत १२ व्होल्टवरच चालायला हवेत, पंपाला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवी, आणि अर्थिंग मोजून घेतलेलं हवं. इथे काटकसर करू नका. पैसे वाचवायचेच असतील तर शोभेच्या फरशांवर वाचवा.

तिसरी गोष्ट डास. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि अशा पुलामुळे अख्ख्या आळीला ताप भोगावा लागतो. आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडले. पंधरा दिवसांनी कपात पाणी घेऊन उन्हात धरलं, तर एक अळी सापडली नाही.

एक चूक मात्र मी केली, ती तुम्ही करू नका. गप्पी आणायच्याही आधी, पहिल्याच आठवड्यात, मी वीस किलो ब्लीचिंग पावडर आणून ओतली. दोन तास पाणी पांढुरकं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हिरवं. तळाशी सहा वर्षांचा पानांचा गाळ असताना क्लोरीन शेवाळापर्यंत पोचतच नाही, तो गाळातच खर्ची पडतो. जाळ्याने पानं काढा, झावळ्या काढा, पण गाळ निघेपर्यंत औषधाचा पुडा उघडू नका. शिवाय क्लोरीन न घातलेलं पाणी झाडांना देता येतं, हा फायदा वेगळाच.

नोव्हेंबरात, पावसाने पूल काठोकाठ भरलेला असताना, गळती तपासली. बादलीत पाणी भरून ती शिडीच्या पायरीवर अशी ठेवायची की आतली आणि बाहेरची पातळी एक होईल. दोन्हीकडे खूण करायची आणि चोवीस तास थांबायचं. बादलीत जेवढं कमी झालं तेवढं उन्हाने नेलं. पुलात त्याहून जास्त कमी झालं तर गळती आहे. माझ्या बादलीत अर्धा सेंटिमीटर उतरलं, पुलात दोन. दीड सेंटिमीटर फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण या आकाराच्या पुलात ते दिवसाला सहाशे लिटरच्या पुढे जातं.

जागा पाण्यानेच दाखवली. मी भर घालणं बंद केलं आणि रोज सकाळी काठावर पेन्सिलने रेघ मारत गेले. पातळी उतरत उतरत पूर्वेकडच्या दिव्याच्या खोबणीच्या खालच्या कडेला आली आणि तिथे गळती थांबली. पुढचे चार दिवस उन्हाने नेलं तेवढंच पाणी उतरलं. दिव्याची केबल ज्या नळीतून जाते तिचं तोंड उघडं होतं, आणि पाणी त्यातून मागच्या मातीत जात होतं. दुरुस्तीला एपॉक्सी पुट्टी आणि अर्धा दिवस लागला. अशी तपासणी न करताच दोन जणांनी मला अख्ख्या पुलाचं वॉटरप्रूफिंग सुचवलं होतं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उपसा काढला. पाणी सावकाश, चार दिवसांत, पोफळी आणि माडांच्या आळ्यांत सोडलं. गप्पी आधीच जाळीने काढून विहिरीत सोडले होते. खाली गुडघ्याच्या खाली येईल इतका काळा गाळ. तोही घमेल्यांनी माडांच्या बुंध्याशी. उतरताना रबरी बूट घाला, काठावर दुसरं माणूस ठेवा. तळ साबणासारखा निसरडा असतो. आणि तुमचा पूल काठावरून पाणी वाहणारा, बाजूला बंद बॅलन्सिंग टाकी असणारा असेल, तर त्या टाकीत कुणालाही एकदम उतरवू नका. कुजलेल्या गाळाचा वायू बंद जागेत माणसाला बेशुद्ध करतो. झाकण उघडून, पंख्याने हवा खेळवून, दोर बांधूनच.

रिकाम्या पुलात गवंड्याबरोबर एक सकाळ काढा. हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक फरशीवर टकटक करायचं. घट्ट फरशी ठणठणीत वाजते, सुटलेली ढब्ब असा पोकळ आवाज देते. आम्ही पोकळ वाजणाऱ्या एकतीस फरशांवर खडूने फुल्या मारल्या. तेवढ्याच काढल्या, बाकीच्यांना हात लावला नाही. काळे डाग काढायला अ‍ॅसिड मारू का, असं गवंडी विचारतोच. मी आधी ब्रश आणि साबणाने घासायला लावलं आणि नव्वद टक्के काम त्यातच झालं. अ‍ॅसिड फरशांच्या सांध्यांतलं सिमेंटचं ग्राउट खातं, म्हणून फक्त हट्टी डागांना, एकाला दहा पाणी, तेही पाण्यात अ‍ॅसिड ओतून, उलट कधीच नाही. लगेच धुण्याच्या सोड्याचं पाणी मारायचं. नवे सांधे एपॉक्सी ग्राउटने भरले.

तळाच्या ड्रेनची जाळी हाताने हलवून पाहा. तुटकी किंवा सैल असेल तर पंप चालू असताना तिथली ओढ लहान मुलाचे केस किंवा हात धरून ठेवू शकते. फुगीर आकाराचं, स्क्रूने घट्ट बसणारं झाकण लावल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही.

पंप उघडला तर मोटर ठीक निघाली. फक्त सील आणि कपॅसिटर बदलला. फिल्टरमधली वाळू मात्र गठ्ठा झाली होती. सहा वर्षांची वाळू धुऊन वापरण्यात अर्थ नाही. नवी भरताना टाकीत आधी निम्मं पाणी घ्या, म्हणजे पडणाऱ्या वाळूने तळाच्या बारीक जाळीदार नळ्या तुटत नाहीत. नवी वाळू घातल्यावर प्रेशर गेजवर जो आकडा दिसेल तो रंगाने लिहून ठेवा. त्याच्या वर ८ ते १० पीएसआय चढला की बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुणं. व्हॉल्व्हचा दांडा फिरवताना पंप बंदच हवा.

आता पाणी भरायचं, आणि इथे कोकणातली अडचण येते. विहीर खाली गेलेली असते तेव्हाच पूल रिकामा करता येतो, आणि नेमकं तेव्हाच भरायला पाणी नसतं. वरून किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. मी १० हजार लिटरचे सहा टँकर मागवले. टँकर रिकामा करण्याआधी त्यातलं बादलीभर पाणी घेऊन चिमूटभर क्लोरीन टाकून पाहा. तासाभरात चहासारखा रंग आला तर पाण्यात लोह आहे, आणि तो रंग तुमच्या नव्या सांध्यांत बसणार. दुसऱ्या टँकरला असा रंग आला, मी तो परत पाठवला. आणखी एक, पूल दुरुस्त झाला की भरून टाका. मृगाची वाट पाहत रिकामा ठेवू नका.

औषधांचा हिशोब घनफळावर चालतो. ३० गुणिले १५ गुणिले सरासरी खोली साडेचार, म्हणजे २,०२५ घनफूट, गुणिले २८.३, म्हणजे सुमारे ५७,३०० लिटर. १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीन म्हणजे या पुलात ५७ ग्रॅम. ६५ टक्क्यांची दाणेदार पावडर असेल तर ८८ ग्रॅम. हे एकदा काढलं की दुकानदाराच्या अंदाजावर अवलंबून राहावं लागत नाही.

क्रम असा ठेवा. आधी अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवायची ताकद) ८० ते १२० पीपीएममध्ये. या पुलात ती १० पीपीएमने वाढवायला जवळपास १ किलो खायचा सोडा लागतो. मग पीएच ७.२ ते ७.६. मुलांना मी हे नेहमी सांगत असे, पीएच ८ ला गेला तर क्लोरीनचा जेमतेम पाव हिस्सा जंतू मारणाऱ्या रूपात उरतो, ७.२ ला निम्म्याहून जास्त. पीएच न बघता क्लोरीन ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. मग सूर्यास्तानंतर, बादलीत विरघळवून, १० पीपीएमचा पहिला मोठा डोस. माझ्याकडे ८८० ग्रॅम. रात्रभर पंप चालू. रात्री झोपताना आणि सूर्य उगवण्याआधी क्लोरीन मोजा. फरक १ पीपीएमपेक्षा जास्त आला तर आत अजून शेवाळ किंवा घाण आहे, दुसऱ्या रात्री पुन्हा. मला तीन रात्री लागल्या. पुढे रोजचा क्लोरीन १ ते ३ पीपीएम, आणि तळाच्या ड्रेनचे स्क्रू काठावरून मोजता येईपर्यंत कुणीही उतरायचं नाही.

दाणेदार पावडर आणि गोळ्या यांचे डबे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, आणि मापाचा पेलासुद्धा वेगळा. क्लोरीनच्या टीसीसीए गोळ्या आणि दाणेदार पावडरीतलं हायपोक्लोराइट एकत्र आले तर पेट घेतात. अ‍ॅसिड तिसरीकडे.

पावसाळ्यात मी आठवड्यातून दोनदा मोजते, कारण पाऊस सगळंच पातळ करतो, आणि पाणी काठाखाली चार बोटं ठेवून जास्तीचं काढते. संध्याकाळी बेडूक येतात. गुळगुळीत फरशीवरून त्यांना वर चढता येत नाही आणि क्लोरीनच्या पाण्यात रात्रभर पोहून ते मरतात. दोन कोपऱ्यांत काथ्याचा जाड दोर बांधून पाण्यात सोडून ठेवला आहे. सकाळी पुलात मेलेला बेडूक सापडायचा, तो आता सापडत नाही.