मार्क 9 च्या किटमधून मार्क 8 स्पिटफायर काढताय? या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेलं भारतीय हवाई दलाचं स्पिटफायर, म्हणजे त्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल, बनवायचं ठरवलं की पहिली अडचण दुकानातच येते. सहज हाती लागतं ते मार्क 9 चं किट (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती). आपल्या 8 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 1944 मध्ये मिळालं आणि पुढे ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या अराकानच्या मोहिमेत उडालं ते मार्क 8. लांबून दोन्हींत फरक दिसत नाही. मर्लिन 60 मालिकेतलं इंजिन तेच, चार पात्यांचा प्रोपेलर तोच, पंखांखाली दोन्हीकडे सारखेच रेडिएटर. मग डीकल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं) बदलले की झालं काम, असं वाटतं. तसं होत नाही.

आकड्यांवर जाऊ नका. मार्क 9 आधी आलं, मार्क 8 मागून. 1942 मध्ये जर्मनांच्या फोके-वुल्फ 190 पुढे मार्क 5 उणं पडायला लागलं, तेव्हा त्याच सांगाड्यात घाईघाईने नवं इंजिन बसवून मार्क 9 उभं केलं. मार्क 8 मात्र सवडीने आखलेलं विमान. त्या सवडीत केलेल्या सुधारणा म्हणजेच आपल्याला मॉडेलवर करायचे बदल.

आधी फोटो, मग करवत

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘एक मार्क 8’ बनवायला घेणं. असं सर्वसाधारण मार्क 8 कुठेच नव्हतं. एक ठरावीक विमान निवडा, त्याचा सिरियल नंबर दिसणारा फोटो मिळवा, आणि तो मिळेपर्यंत कटरच्या पात्याला हात लावू नका. रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) कुठलं, पंखांची टोकं गोल की लांब टोकदार, पांढरे पट्टे आहेत की नाहीत, या सगळ्यांची उत्तरं त्या एका फोटोत मिळतात.

संग्रहालयातल्या फोटोंचीही खात्री करून घ्या. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात मार्क 18 आहे. त्याचं इंजिन ग्रिफन, प्रोपेलर पाच पात्यांचा, नाकाचा घाट निराळा. त्यावरून मापं घेऊन मार्क 8 करणारे लोक आहेत, आणि मॉडेल पूर्ण होईपर्यंत त्यांना कोणी सांगत नाही. हवाई दलाने जपलेलं एनएच 631 क्रमांकाचं विमान हे खरं मार्क 8. संदर्भ घ्यायचा तर त्याचा घ्या, पण फक्त सांगाड्यासाठी. आजचा रंग हा युद्धातल्या रंगाचा पुरावा नव्हे.

शेपटीचं चाक

मार्क 9 चं मागचं चाक कायम बाहेर असतं. मार्क 8 चं आत जातं, आणि त्याला दोन छोटी दारं आहेत. म्हणजे पोटाला भोक पाडणं आलं. इथे बहुतेक जण धड आधी चिकटवतात आणि मग कापायला बसतात. जोड तिथेच उकलतो, कारण नेमकी त्याच रेषेवर आपण ताकद लावत असतो. दोन्ही अर्धे सुटे असतानाच पेन्सिलने खूण करा, रेषेच्या आत बारीक ड्रिलने भोकांची रांग पाडा, मधला तुकडा काढा आणि उरलेलं कानशीने रेषेपर्यंत घासा. चाकाच्या खोबणीला आतून छत आणि भिंत द्यायचीही हीच वेळ. नाहीतर भोकातून थेट कॉकपिटपर्यंत उजेड दिसतो.

दारांसाठी पातळ प्लॅस्टिक लागतं. घरात श्रीखंडाचा डबा असतोच, तो कापला जातो, आणि दार काही केल्या चिकटत नाही. दोष गोंदाचा नाही. असे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि मॉडेलचा गोंद ते विरघळवू शकत नाही. डब्याच्या तळाशी त्रिकोणातला आकडा बघा: 5 असेल तर श्रीखंडासाठीच ठेवा, 6 असेल तर ते पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचंच प्लॅस्टिक. काही डिस्पोजेबल कप आणि झाकणं 6 ची असतात. ती धुऊन जपून ठेवा.

एलेरॉन: न दिसणारा पण खटकणारा फरक

मार्क 8 चे एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, टोकाकडून साडेआठ इंचांनी आखूड केलेले आहेत. म्हणजे 1:72 प्रमाणाच्या मॉडेलमध्ये 3 मिलिमीटर, 1:48 मध्ये साडेचार. एवढ्याशा फरकासाठी कोण बघतंय, असं म्हणून पुष्कळ जण तो सोडून देतात. करायला मात्र हा सगळ्यात सोपा बदल आहे. जुन्या रेषेचा टोकाकडचा भाग बुजवायचा आणि आत सरकवून नवी आडवी रेष कोरायची.

फसतं ते बुजवताना. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली एनसी पुट्टी स्वस्त असते, पण तिच्यातला थिनर पॉलिस्टायरीन खातो. जाड थर एकदम भरला तर खालचं प्लॅस्टिक मऊ पडतं, आणि वरून सपाट केलेली जागा आठवड्याभरात खचते. अशी खचलेली रेष रंगानंतर वर आली तर पुन्हा तीच पुट्टी लावू नका. खरवडून काढा. बारीक रेषेसाठी फेविक्विकसारखा सुपरग्लू आणि चिमूटभर टाल्कम पावडर हे मिश्रण चांगलं. ते खचत नाही आणि लगेच घासता येतं. पण लगेच म्हणजे लगेचच. रात्रभर ठेवलंत तर ते आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं, मग वॉटर पेपर मारताना भराव तसाच उभा राहतो आणि शेजारी खळगा पडतो. 400 नंबरच्या पेपरने सुरुवात करून 1000 पर्यंत पाण्यासह घासलं की पुरे.

नवी रेष कोरताना हात घसरतो, कारण लोक पहिल्याच घावाला खोल जायला बघतात. जाड लेबल टेपची कड धरून सुईने अगदी हलके तीन-चार हात फिरवा. घसरलंच तर सुपरग्लूचा थेंब, घासणं, पुन्हा रेष.

उरलेले बदल पटकन आटपतात. मार्क 8 ला बहुतेक वेळा वरून टोकदार, रुंद रडर असतं. बऱ्याच किटमध्ये दोन्ही रडर दिलेली असतात. नाकाखालचं हवेचं तोंड लांब, फिल्टर असलेलं घ्या, आखूड नको. पंख ‘सी’ प्रकारचा: बाहेरच्या बाजूच्या तोफेच्या जागी फक्त झाकलेला थोटका, तोफ आतल्या जागेत. ‘ई’ पंखात तोफ बाहेरच्या जागेत जाते, आणि किटच्या एकाच फ्रेमवर (सुटे भाग जोडलेल्या चौकटीवर) दोन्हींचे पार्ट असल्याने इथे हमखास अदलाबदल होते.

पंख बसले, पण विमान चुकलं

स्पिटफायरचे पंख मुळापासून 6 अंशांनी वर जातात. किटमध्ये पंखाच्या मुळाशी फट राहिली की सगळे पुट्टी भरायला धावतात. त्याआधी पंखांची टोकं जराशी वर उचलून बघा. पुष्कळदा फट तिथल्या तिथे मिटते आणि कोनही बरोबर होतो. तरीही उरलीच तर धड अरुंद राहिलंय. फ्रेमचा एक तुकडा मापाने कापून पंखाच्या मुळापाशी आतून आडवा टेकू द्या, धड अर्धा मिलिमीटर फाकतं आणि पुट्टीची गरजच उरत नाही. 6 अंशांचा कोन पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि गोंद वाळेपर्यंत पंख त्यावर टेकवून ठेवा. नुसत्या नजरेवर विसंबलात तर एक पंख वर, एक खाली ठरलेलाच.

फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली उघडणाऱ्या झडपा) उघडे दाखवायचा मोह आवरा. स्पिटफायरच्या फ्लॅपना पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशा दोनच स्थिती होत्या, आणि उभ्या विमानाचे ते सहसा वर घेतलेले असत. तरी उघडे ठेवायचेच असतील तर पंखाच्या वरच्या बाजूचं छोटं दर्शक झाकणही उघडं दाखवा. फ्लॅप खाली आले की ते वर उचललं जातं.

रंग, पावसाळा आणि चकत्या

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर लॅकर (थिनरमधला झटपट वाळणारा रंग) फवारलात तर पृष्ठभाग दुधाळ पांढरा पडायची दाट शक्यता असते. थिनर उडताना रंग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. घाबरून घासायला घेऊ नका. कोरड्या दिवशी संथ वाळणाऱ्या थिनरचा, म्हणजे रिटार्डरचा, अगदी पातळ हात मारला की बहुतेक वेळा तो पांढरेपणा जातो. पृष्ठभाग खडबडीत, सँडपेपरसारखा झाला असेल तर दोष दमटपणाचा नाही. तुम्ही फार लांबून फवारताय, रंग वाटेतच वाळतोय. आणि इनॅमलवर लॅकर कधीही मारू नका, सुरकुत्या पडतात. उलट चालतं.

1945 च्या सुरुवातीपासून या आघाडीवरच्या विमानांना ओळखीसाठी पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे, आणि स्पिनर (प्रोपेलरच्या मधली निमुळती टोपी) पांढरा, असं दिसू लागतं. पट्टे शेवटी रंगवणं ही चूक. गडद हिरव्यावर पांढरा बसवताना थरावर थर चढतात आणि कड उठून दिसते. पांढरा आधी मारा, टेप लावा, मग कॅमोफ्लाज. पट्टा रडर आणि एलेरॉनवर येतो की अलीकडेच थांबतो, ते फोटोत तपासा.

हवाई दलाच्या ओळखीच्या गोल चकत्यांमध्ये लाल नको. जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच विमानावर गोळी झाडली जाऊ नये म्हणून या आघाडीवर गडद निळ्यात फिकट निळा अशी चकती होती, तीही युरोपातल्यापेक्षा लहान. किटमधली लाल-पांढरी-निळी चकती लावली की सगळी मेहनत वाया. तिरंगी चकतीही नको, ती स्वातंत्र्यानंतरची. नॉर्मंडीचे काळे-पांढरे पट्टे तर अजिबात नकोत. ते जून 1944 च्या युरोपातल्या स्वारीसाठी होते, ब्रह्मदेशाशी त्यांचा संबंध नाही.

डीकलच्या कडेला चांदीसारखी चमक दिसली तर खाली मॅट रंगाच्या खडबडीत खाचांत हवा अडकली आहे. सुईने बारीक टोचे मारा, डीकल मऊ करणारं सेटिंग सोल्यूशन सोडा, थोड्या वेळाने पुन्हा एकदा. पुढच्या वेळी आधी ग्लॉस वार्निश, मग डीकल, शेवटी मॅट.

झिजलेल्या रंगातून चंदेरी धातू दाखवायची हौस प्रोपेलरवर करू नका. या विमानांची रोटोल कंपनीची पाती लाकडाची होती, तिथे चांदी येणार कुठून? पाती बसवताना दिशाही बघा. कॉकपिटमधून पाहिलं तर मर्लिनचा प्रोपेलर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. ग्रिफनचा उलट.

कॅनॉपी (कॉकपिटवरची काच) सुपरग्लूने लावली आणि आतून धुरकट झाली, ही तक्रार सर्रास ऐकू येते. तो सुपरग्लूच्या वाफेचा थर आहे. काच अजून सुटत असेल तर काढा, बारीक पॉलिशिंग पेस्टने किंवा साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून मऊ कापडाने घोळवा, धुवा. परत लावताना पांढरा फेव्हिकॉल वापरा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि जास्तीचा ओल्या ब्रशने पुसला जातो.