संतांवर बोलणार असाल तर या चुका टाळा

आषाढीच्या वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली, की सातारा जिल्ह्यातल्या शाळाशाळांत संतांवर भाषणं सुरू होतात. परीक्षक म्हणून मी बरीच वर्षं ऐकतोय. चुका त्याच त्याच.

जिवाला सगळ्यात लागते ती अभंग अर्धा तोडण्याची. फलटण तालुक्यातल्या एका शाळेत आठवीतली मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "संत चोखामेळा म्हणतात, अवघा रंग एक झाला!" टाळ्या पडल्या. नंतर तिला जवळ बोलावलं. "बाळा, शेवटची ओळ म्हण बघू." येत नव्हती. हातातल्या कागदावर कुणीतरी मोबाइलवरून उतरवून दिलेल्या दोनच ओळी होत्या. मी शेवट म्हणून दाखवला, 'म्हणे चोखियाची महारी'. ती थबकली. "म्हणजे हा त्यांच्या बायकोचा, सर?"

होय, सोयराबाईंचा. जिला देवळात पाऊल टाकायची बंदी, ती बाई 'मी तूंपण गेले वाया' म्हणते आणि खाली स्वतःची जात लावून नाममुद्रा, म्हणजे रचणाऱ्याच्या नावाची खूण, घालते. ती ओळ गाळली की त्या बाईलाच गाळलं.

माझी सवय सांगतो. अभंग वहीत हाताने पूर्ण उतरवायचा, नाममुद्रेखाली रेघ ओढायची, मगच भाषणाला हात घालायचा. वेळ नसेल तर एकच अभंग घ्या, पण सबंध घ्या. दोन ओळींवर भाषण उरकायची घाई मला अजिबात मान्य नाही.

दुसरी चूक म्हणजे 'संतांनी जातिभेद नष्ट केला' हे वाक्य. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून तिच्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी, देवळाबाहेर आहे. ते देऊळ अस्पृश्यांना खुलं झालं १९४७ साली, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. मधली सहाशे वर्षं मुलांपासून लपवू नका. त्यांना ती कळतात.

ज्ञानेश्वरी शके १२१२ची. ७८ मिळवा, इसवी सन १२९० येतं. 'सन १२१२' म्हणू नका.

सज्जनगड आपल्या जिल्ह्यातला म्हणून समर्थांना वारकरी संतांत बसवू नका. त्यांचा संप्रदाय वेगळा, उपासना राम-मारुतीची.

आणि फलकावर 'संत बहिणाबाई' लिहून खाली बहिणाबाई चौधरींचा फोटो चिकटवू नका. चौधरी १८८० साली जन्मलेल्या खानदेशातल्या कवयित्री. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, त्यांचा फोटो मिळेल कुठून?