ब्रिटनमधला पब: चांगला कसा ओळखावा आणि बिघडलेली पिंट परत कशी द्यावी

यॉर्कशरमधल्या शेफील्डमध्ये राहून मला आता सोळा वर्षं झाली. पुण्या-नाशिकहून कुणी आलं की लंडनचा टॉवर, बाथचे हमामखाने वगैरे पाहून झाल्यावर 'एकदा खऱ्याखुऱ्या पबमध्ये ने गं' ही फर्माईश ठरलेली. आणि येणारा प्रत्येक जण तेच ज्ञान सोबत घेऊन येतो: पब जुना हवा, छताला काळ्या तुळया हव्यात, दारावर फुलांच्या टोपल्या लटकत्या हव्यात. ग्लासात काय पडणार, याच्याशी यातल्या एकाही गोष्टीचा संबंध नाही. तुळया खोट्या बसवता येतात आणि टोपल्या विकत मिळतात.

मी पबची परीक्षा एकाच प्रश्नावर घेते. बिघडलेली पिंट, म्हणजे बिअरचा भरलेला ग्लास, परत दिली, तर काउंटरमागचा माणूस काय करतो? तिथे येतेच, आधी किरकोळ गोष्टी उरकू.

आत शिरताना

दार उघडल्यावर वास घ्या. कालच्या सांडलेल्या बिअरचा आंबूस दर्प आला तर परत फिरा. मग कोपऱ्यातल्या टेबलांकडे बघा. एखादी बाई एकटीच पुस्तक घेऊन बसली असेल आणि तिला कुणी त्रास देत नसेल, तर जागा बरी आहे. मी स्वतः अशी बसते, म्हणून हे आधी बघते. दाराजवळ 'कास्क मार्क'ची गोल पाटी असेल तर चांगलं. बाहेरचा तपासनीस येऊन तिथल्या बिअरचं तापमान, रंग, वास आणि चव बघून गेला, एवढा तिचा अर्थ. आजच्या बिअरची हमी तिच्यात नाही.

काउंटरवर

बहुतेक पबमध्ये टेबलावर बसून वेटरची वाट पाहण्यात अर्थ नसतो, कारण कुणी येत नाही. स्वतः उठून काउंटरवर जायचं. रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आलं हे ध्यानात ठेवायचं, आणि बारवाल्याने चुकून आधी आपल्याकडे पाहिलं तर 'आधी हे' म्हणून शेजाऱ्याकडे हात करायचा. शिट्टी, टिचकी, हवेत नाचवलेली नोट यातलं काहीही केलंत तर अर्धा तास उभे राहाल, आणि तेच योग्य.

चार जण गेलात तर चौघांचं एकदम सांगा, एकाने पैसे द्या, पुढची फेरी दुसऱ्याची. काउंटरवर 'माझे वेगळे, ह्याचे वेगळे' असा आपला हॉटेली हिशेब काढू नका. यादीत गिनेस (काळी आयरिश बिअर) असेल तर ती सगळ्यात आधी सांगा. ती दोन टप्प्यांत भरतात, मधे बसू द्यावी लागते. आणि पूर्ण पिंट म्हणजे 568 मिलिलिटर. झेपत नसेल तर हाफ घ्या. अर्ध्या पिंटचं माप उपलब्ध ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. हाफ मागितली म्हणून कुणी हसलं, तर पबबद्दल तेवढं समजलं.

पिंट पारखणं, आणि परत देणं

आता मुख्य मुद्दा. काउंटरवर जे उंच लाकडी किंवा चिनी मातीचे दांडे दिसतात, ते हँडपंप. त्यातून येते कास्क एल, म्हणजे पिंपातली पारंपरिक इंग्लिश बिअर. ही बिअर पिंपात अजून जिवंत असते. यीस्ट आतच, वरून गॅसचा दाब नाही. तळघरात 11 ते 13 अंशांवर ठेवलेली असते, त्यामुळे 'इंग्रजांची बिअर कोमट' हे निव्वळ थोतांड आहे. फ्रिजमधल्या बाटलीइतकी गार नसते, एवढंच. पंप ओढला की पिंपातली बिअर कमी होते आणि तेवढी हवा आत शिरते. तिथून घड्याळ सुरू. पिंप लावल्यापासून साधारण तीन दिवसांत ते संपायला हवं. घरच्या दह्यासारखंच आहे हे: काल छान, आज चालेल, उद्या आंबट.

म्हणून लोक ज्याला श्रीमंती समजतात त्याला मी घाबरते. मंगळवारची संध्याकाळ, आत पाच गिऱ्हाइकं आणि काउंटरवर आठ हँडपंप. ही आठ पिंपं तीन दिवसांत कोण संपवणार? दोनच पंप असलेला पण भरलेला पब कधीही बरा. शेफील्डमधली केलहॅम आयलंड टॅव्हर्न 'काम्रा'ची, म्हणजे 1971 पासून खऱ्या, म्हणजे अशा कास्क एलसाठी भांडणाऱ्या ग्राहकांच्या संघटनेची, सर्वोत्तम पबची राष्ट्रीय स्पर्धा 2008 आणि 2009 अशी लागोपाठ जिंकली. तिथे पंप भरपूर आहेत, पण पिणारेही तितकेच आहेत. गणित पंपांचं नाही, खपाचं. 'आज जास्त काय जातंय?' असं सरळ विचारा आणि तेच घ्या. दुपारी दार उघडताच पहिली पिंट मात्र मागू नका. रात्रभर नळीत उभी राहिलेली बिअर चांगल्या ठिकाणी ओढून फेकतात, वाईट ठिकाणी ती तुमच्या ग्लासात येते.

घेण्याआधी चव मागा. 'कॅन आय ट्राय दॅट वन?' एवढं पुरे, घोटभर फुकट देतात. पिंट हातात आली की टेबलाकडे पळू नका. तिथेच उजेडात धरा, वास घ्या, एक घोट घ्या. व्हिनेगरचा झणका, ओल्या पुठ्ठ्याचा वास, किंवा सगळा जीव गेल्यासारखी सपाट चव, यातलं काहीही आलं तर ती गेली. गढूळपणाबाबत मात्र जपून. हल्ली काही बिअर मुद्दाम गढूळ ठेवतात आणि काही मुद्दाम आंबट करतात. आधी 'ही अशीच असते का?' विचारा. पण साधी बिटर (नेहमीची कडसर एल) गढूळही आहे आणि आंबटही, तर मग शंका नको.

मी पहिली दोन वर्षं यात सपशेल नापास होते. आंबट पिंट आली की वाटायचं, हीच असेल यांची चव, आपल्या जिभेलाच कळत नाही. एकदा ऑफिसातल्या निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्याने माझा चेहरा बघून माझ्या ग्लासातला घोट घेतला आणि म्हणाला, 'हे तू चिप्सवर ओत.' (चिप्स म्हणजे इथे बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी, त्यांवर व्हिनेगर घालतात.) दोन वर्षं मी पैसे देऊन व्हिनेगर प्यायले होते. पुढच्या वेळी बाथरूममध्ये आरशासमोर वाक्य घोकून काउंटरवर गेले. तो माणूस ग्लासाकडे न बघताच म्हणाला, 'तशीच लागते ती, लव्ह.' ('लव्ह'चा राग मानू नका, इथे बसचा ड्रायव्हरही तसंच म्हणतो. राग 'तशीच लागते'चा.) मी मान डोलावली आणि परत येऊन ती संपवली. याची लाज मला अजून वाटते.

तेव्हा हे लक्षात ठेवा. पिंट पहिल्या दोन-तीन घोटांतच परत द्यायची. अर्धी संपवून तक्रार घेऊन गेलात तर कुणी ऐकणार नाही, मीही नाही. आवाज चढवायचा नाही, चार लोकांत जाहीरही करायचं नाही. ग्लास काउंटरवर ठेवून हळूच म्हणायचं, 'सॉरी, आय डोन्ट थिंक धिस वन्स राइट.' सॉरी कशाबद्दल ते विचारू नका, इथे वाक्याची सुरुवातच तशी होते. 'मला आवडली नाही' म्हणू नका. आवड तुमची, ती चूक तुमची. बिघाड पिंपाचा, ती चूक त्यांची. हा फरक तुमच्या वाक्यात दिसायला हवा.

यानंतर जे होतं त्यात सगळा पब दिसतो. चांगल्या ठिकाणी बारवाली ग्लास नाकाशी नेते, स्वतः घोट घेते, तोंड वेडंवाकडं करते आणि दुसरं काय देऊ विचारते. मग ती पंपावरची नावाची पट्टी उलटी फिरवते, म्हणजे ही आता कुणालाच मिळणार नाही. उलटी पट्टी दिसली की मी त्या पबला मनातल्या मनात पास करते. वाईट ठिकाणी म्हणतात, 'बाकी कुणी तक्रार केली नाही.' असं ऐकलंत तर दुसरी बिअर मागून बघा, वाद घालू नका. शक्य असेल तर उठा, चार पावलांवर दुसरा पब असतो.

फेसाचंही असंच. ग्लास काठोकाठ एक पिंटचा असेल आणि वर दोन बोटं फेस असेल, तर 'टॉप अप' मागा. हसतमुखाने भरून देतात. यॉर्कशरमध्ये नळाच्या तोंडाला बारीक भोकांची जाळी लावून दाट, सायीसारखा फेस काढतात, दक्षिणेकडचे लोक त्यावरून नाकं मुरडतात. त्या भांडणात पडू नका.

शाकाहारी मंडळींसाठी

पुष्कळशी कास्क एल माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ घालून नितळ करतात. चालत नसेल तर 'व्हीगन' लिहिलेली मागा. चिप्स कशात तळलेत तेही विचारा; गाईच्या चरबीत तळायची यॉर्कशरमधली जुनी रीत काही ठिकाणी अजून चालू आहे. आणि काउंटरमागे लटकलेल्या पुड्यांपैकी 'पोर्क स्क्रॅचिंग्ज' म्हणजे डुकराची तळलेली कातडी. दिसायला थेट तळलेल्या कुरडईसारखी. माझी आत्या कौतुकाने हात घालणार, तेवढ्यात मी पुडी ओढली. तिला साध्या वेफर्सची पुडी घेऊन दिली आणि इथल्या पद्धतीने फाडून दिली: वरून नाही, बाजूच्या शिवणीवरून उभी, म्हणजे पुडीचीच ताटली होते आणि टेबलावरचे सगळे खातात. हे तिला इतकं आवडलं की आता नाशिकमध्येही पुड्या तशाच फाडते.

न पिणाऱ्यांनी लाइम अँड सोडा घ्यावा, स्वस्त पडतो. साधं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं.

निघताना

जेवायचं असेल तर आधी स्वयंपाकघराची वेळ विचारा, बिअरच्या बरीच आधी ते बंद होतं. रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, हवा असेल तर टेबल आधीच सांगून ठेवा. काउंटरवर टीप ठेवायची नसते. फार खूश असाल तर पैसे देताना 'अँड वन फॉर युअरसेल्फ' म्हणा, म्हणजे एक ड्रिंक तुमच्यातर्फे त्याला. घंटा वाजली की ती शेवटच्या ऑर्डरची. त्यानंतर गप्पा आवरत्या घ्या, आणि रिकामे ग्लास स्वतः काउंटरवर नेऊन ठेवा.