कम्युनिटी कॉलेजची हॅकेथॉन: निदान या चुका तरी टाळा

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजच्या पोरांना हॅकेथॉनचे (एक-दोन दिवसांत टीमने ॲप किंवा साइट बनवायची स्पर्धा) जे सल्ले मिळतात ते बहुतेक मोठ्या युनिव्हर्सिटीच्या पोरांसाठी लिहिलेले असतात, आणि पहिली गडबड तिथेच होते. तिकडे सगळे कॅम्पसवर राहतात, टीममध्ये एखादा सीनियर असतोच. इथे दोन वर्षांचा कोर्स, निम्म्याहून जास्त विद्यार्थी पार्टटाइम, कुणाची शनिवारी दुपारी स्टोअरमध्ये शिफ्ट, कुणाला घरी लहान मूल, आणि बहुतेक कॉलेजांना हॉस्टेलच नाही. तरी टीम बनली की पहिला डायलॉग ठरलेला, "रात्रभर बसू ना यार." कोण बसणार आहे रात्रभर? 24 तासांची स्पर्धा म्हणजे चौघांचे मिळून 96 तास, हा हिशोब कागदावरच ठेवा. आधी प्रत्येकाला विचारा की तू खरंच कधी ते कधी आहेस, ते ग्रुपवर लिहून टाका, आणि मग आयडिया ठरवा. उलटं केलं की शनिवारी संध्याकाळी कळतं की डेटाबेसवाला कामावर गेलाय आणि पासवर्ड फक्त त्यालाच माहितीये.

आता सगळ्यात मोठी चूक, जी प्रोग्रामर आणि डिझायनर एकत्र असलेल्या जवळजवळ प्रत्येक नव्या टीममध्ये दिसते. डिझायनर फिग्मात (स्क्रीन डिझाइन करायचं टूल) एका कोपऱ्यात बारा सुंदर स्क्रीन बनवत बसतो, कोडवाले दुसऱ्या कोपऱ्यात लॉगिन पेज बनवत बसतात, आणि दोघांची गाठ पडते शेवटच्या तीन तासांत. मग त्या बारा स्क्रीनपैकी दीड बनते, तीही घाईत, आणि डिझायनरचा चेहरा पडतो. एक तर लॉगिन सोडा. जजला तुमचं लॉगिन बघायचं नसतं, एक डेमो युजर आधीच आत टाकून ठेवा की झालं. दुसरं, पहिल्या तासात दोघांनी शेजारी बसून एकच फ्लो ठरवायचा: माणूस ॲप उघडतो, एक काम करतो, त्याला काहीतरी मिळतं. तेवढंच. कोडवाला बूटस्ट्रॅप (तयार बटणं-कार्डं देणारं टूल) वापरणार असेल तर डिझायनरला ते आधी सांगा, म्हणजे तो त्यातल्या बटणं-कार्डांच्या हिशोबाने डिझाइन करेल, नाहीतर एका कर्व्ह असलेल्या मेन्यूसाठी चार तास जातात. आणि स्क्रीन झाल्या म्हणून डिझायनरला रिकामा बसवू नका, "लोरेम इप्सम"च्या (जागा भरायला टाकलेला निरर्थक मजकूर) जागी खरा मजकूर कोण लिहिणार, फोनवर उघडून कोण बघणार? पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं प्रोजेक्टरवर दिसतच नाहीत. ॲक्सेसिबिलिटीच्या (दिव्यांगांनाही वापरता यावं यासाठीच्या) गाइडलाइनमध्ये साध्या मजकुरासाठी कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक) किमान 4.5 ला 1 सांगितलाय, तो तपासायची टूल फुकट आहेत.

गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) रडारड. सगळे एकाच फाइलमध्ये लिहिणार आणि सहा तासांनी एकदम पुश करणार (सामाईक कोडमध्ये पाठवणार), मग मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल एकमेकांना भिडणं) येणारच. फाइल वाटून घ्या, छोटे कमिट (बदलांच्या नोंदी) करा, काम सुरू करायच्या आधी पुल करा (बाकीच्यांचे बदल आणा). कॉन्फ्लिक्ट आला तर वैतागून फोर्स पुश (जबरदस्तीने पाठवणं) अजिबात नको, त्यात दुसऱ्याचं काम उडतं, आणि हे करणारा नेमका "मला गिट येतं" म्हणणाराच असतो.

एपीआय की (दुसऱ्याची ऑनलाइन सेवा आपल्या कोडमधून वापरायची गुप्त किल्ली) चुकून पब्लिक रेपोत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) गेली तर? फाइल डिलीट करून काही होत नाही, ती जुन्या कमिटमध्ये राहतेच आणि असल्या किल्ल्या शोधणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) फिरत असतात. आधी ती की रद्द करा, नवीन काढा, ती एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये (गुप्त सेटिंग्जची फाइल) ठेवा आणि त्या फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) टाका. तसंच मोठ्या डेटासेटचं: गिटहब (गिटचा कोड ऑनलाइन ठेवायची साइट) 100 एमबीच्या वरची फाइल घेत नाही, आणि पुढच्या कमिटमध्ये ती काढली तरी पुश अडतोच कारण मागचा कमिट तिला धरून बसलेला असतो, तो कमिटच मागे घ्यावा लागतो.

"माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय" हे टाळायचा एकच उपाय, पहिल्याच दिवशी नुसतं "हॅलो" लिहिलेलं पेज डिप्लॉय करून (ऑनलाइन चढवून) टाका. नंतर काही तुटलं तर निदान नेमकं कुठे ते कळतं. नेहमीचे संशयित हे: कोडमध्ये लोकलहोस्टचा (म्हणजे स्वतःच्याच कॉम्प्युटरचा) पत्ता राहिलाय. फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉलची गडबड आहे, विंडोज आणि मॅकवर सहसा खपते पण लिनक्स सर्व्हरवर नाही. गिटहब पेजेसवर (गिटहबची साइट ठेवायची सेवा) बॅकएंड (सर्व्हरवर चालणारा कोड) टाकायचा प्रयत्न चाललाय, तिथे फक्त स्टॅटिक (तयार फाइलींची) साइट चालते. ब्राउझर कॉर्सचा एरर देतोय, म्हणजे समोरचा एपीआय तुमच्या पेजवरून थेट बोलवू देत नाहीये, तर ती रिक्वेस्ट तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवा. आणि फुकटचे सर्व्हर वापरात नसले की झोपतात, पहिल्या रिक्वेस्टला बराच वेळ घेतात, म्हणून जज टेबलाशी यायच्या आधी लिंक एकदा उघडून ठेवा.

हॉलचं वायफाय ऐन वेळी रडतं हे गृहीत धरा. पॅकेजेस आधीच डाउनलोड, फोनचा हॉटस्पॉट तयार, आणि एपीआयचं एक खरं उत्तर जेसन (डेटाची साधी मजकूर) फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, म्हणजे रेट लिमिट (ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट याची मर्यादा) लागलं तरी डेमो अडत नाही. फक्त तो डेटा सेव्ह केलेला आहे हे जजला सरळ सांगा, लपवलेलं पकडलं गेलं की बाकी खऱ्या कामावरचाही विश्वास जातो.

नियम वाचा हो! जुना प्रोजेक्ट नवीन म्हणून आणणं बहुतेक ठिकाणी बाद, लायब्ररी आणि फ्रेमवर्क मात्र चालतात.

सबमिशनला शेवटचा अर्धा तास पुरत नाही. डेव्हपोस्टवर (हॅकेथॉनचे प्रोजेक्ट सबमिट करायची साइट) ड्राफ्ट आदल्या रात्रीच बनवा, टीममेट्सनी इन्व्हाइट स्वीकारलंय का बघा (न स्वीकारल्यामुळे नावच न लागलेले लोक असतात), आणि डेमोचा व्हिडिओ प्रायव्हेट राहिला नाही ना ते लॉगआउट करून दुसऱ्या ब्राउझरमध्ये तपासा. व्हिडिओत पहिली तीस सेकंदं "जगात ही समस्या किती मोठी आहे" यावर घालवू नका, ॲप चालताना दाखवा. पहिल्यांदाच कोड लिहिणारा कुणी टीममध्ये असेल तर तेही सांगा, मेजर लीग हॅकिंगच्या (विद्यार्थ्यांच्या हॅकेथॉन चालवणारी संस्था) जजिंगमध्ये टेक्नॉलॉजी, डिझाइन, कम्प्लिशन यांच्या जोडीला लर्निंग हाही निकष असतो आणि कम्युनिटी कॉलेजच्या टीम हा मुद्दा उगाच सोडून देतात.

संपल्यावर घरी पळायच्या आधी दोन कामं. रीडमीमध्ये (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) कुणी काय केलं ते नावानिशी लिहा, चार वर्षांच्या कॉलेजला ट्रान्सफर घेताना किंवा इंटर्नशिपला लिंक देता येते, आणि डिझायनरचं काम कोडच्या हिस्टरीत दिसत नाही म्हणून त्याची फिग्मा लिंकही तिथेच टाका. दुसरं, क्लाउडच्या ट्रायलला कुणाचं क्रेडिट कार्ड लावलं असेल तर ते सर्व्हर त्याच दिवशी बंद करा.