दंतवैद्याकडे जाण्याआधी: विकासात्मक दिव्यांगता असलेल्या व्यक्तीसाठी तयारीची यादी

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणे), डाऊन सिंड्रोम किंवा बौद्धिक दिव्यांगता असलेल्या व्यक्तीच्या दातांकडे घरात बहुधा दाढ ठणकू लागल्यावरच लक्ष जाते, आणि मग अनोळखी खोली, डोळ्यांवर येणारा दिवा व ड्रिलचा आवाज हे सारे त्या ठणक्यासकट एकाच दिवशी तिच्या वाट्याला येते. म्हणून दुखणे नसताना, निदान महिनाभर आधी तयारीला लागावे आणि पहिली भेट कोणताही उपचार न करता केवळ ओळखीपुरती ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. मूल लहान असेल तर ही ओळख पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास व्हावी. तिशीतली व्यक्ती पहिल्यांदाच जाणार असेल तरी क्रम हाच ठेवावा.

तयारीतले पहिले काम म्हणजे एका कागदावर व्यक्तीची वैद्यकीय माहिती लिहून काढणे, आणि हा कागद मी सर्वांत महत्त्वाचा मानते. त्यात निदान, ॲलर्जी, फिट येत असल्यास शेवटची कधी आली व ती कशाने सुरू होते, आणि चालू असलेले प्रत्येक औषध मात्रेसह लिहावे. फेनिटॉइन हे फिटचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढून दातांवर येऊ शकतात. व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या औषधामुळे काही जणांच्या रक्तातील प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी होतात, त्यामुळे दात काढण्यापूर्वी रक्ततपासणीची गरज पडू शकते. आणि वर्षानुवर्षे रात्री झोपताना दिलेल्या गोड सिरपने दात किडतात, तेव्हा त्याच औषधाचा साखरविरहित पर्याय आहे का, हे विचारून ठेवावे. डाऊन सिंड्रोममध्ये जन्मजात हृदयदोषाचे प्रमाण मोठे असते. काही विशिष्ट हृदयदोषांत हिरडीतून रक्त येईल अशा उपचाराआधी प्रतिजैविक द्यावे लागते, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आधीच आणावी. डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या मानेचे वरचे सांधे सैल असू शकतात, हेही कागदावर ठळक लिहावे, म्हणजे खुर्चीत कोणी मान जोराने मागे करणार नाही. सेरेब्रल पाल्सी असल्यास गिळताना ठसका लागतो का, जेवण उलटून वर येते का आणि दात खाण्याची सवय आहे का, याची नोंद हवी. उलटून येणारे आम्ल दातांचे आवरण झिजवते, आणि आडवे झोपवल्यावर तोंडातले पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असल्यामुळे डॉक्टर खुर्ची अर्धवटच कलती ठेवतात.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला व्यक्तीचा स्वभाव लिहावा: तिला कोणता आवाज असह्य होतो, कुठे स्पर्श केलेला चालत नाही, होकार व नकार ती कशी दाखवते, कशाने शांत होते. बोलून सांगू न शकणारी व्यक्ती एकाच बाजूने चावू लागली, कडक पोळी नाकारू लागली, गालावर थापडा मारू लागली किंवा रात्री वारंवार उठू लागली, तर हे ‘वागण्याचे’ लक्षण ठरवण्याआधी तोंड तपासून घ्यावे. अशा नोंदी तारखेसह ठेवल्या तर डॉक्टरांना नेमकी दाढ शोधायला मदत होते.

मुंबईत मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. या शाखेच्या तज्ज्ञांना विशेष गरजा असलेल्या रुग्णांवर उपचार करण्याचेही प्रशिक्षण असते. खासगी दवाखाना निवडल्यास आधी फोनवर चार गोष्टी विचाराव्यात: व्हीलचेअर आत जाते का, दिवसातली पहिली वेळ मिळेल का, दर वेळी तेच डॉक्टर असतील का, आणि उपचार अर्धवट थांबवावा लागला तर त्यांची तयारी आहे का. शेवटच्या प्रश्नावर अडखळणारा दवाखाना मी टाळते. कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) ठेवावे, कारण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे आणि केस पेपरच्या रांगेत ती नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावी. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात १ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही समावेश आहे. त्याची नोंदणी आधीच करून ठेवावी. व्यक्ती १८ वर्षांवरील असून तिला कायदेशीर पालक नेमलेले असतील तर तो दाखला सोबत असावा, आणि संमतीपत्रावर सही कोणाचीही असली तरी काय होणार आहे हे तिला तिच्या पद्धतीने सांगितलेच पाहिजे.

घरचा सराव रोज थोडा थोडा करावा. व्यक्तीच्या मागे उभे राहून तिचे डोके आपल्या छातीशी टेकवावे, गाल बोटाने हलकेच बाजूला करावा आणि दहा अंक मोजेपर्यंतच ब्रश फिरवावा. अंक संपले की हात खरोखरच थांबवावा, कारण तिचा विश्वास त्यावरच बसतो. फ्लोराइडची टूथपेस्ट ३ वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि ३ ते ६ वयात वाटाण्याएवढी पुरते. मोठ्या माणसाला थुंकता येत नसेल तर ती अगदी पातळ थरात लावावी. दवाखान्यातल्या यंत्राच्या थरथरीची सवय इलेक्ट्रिक ब्रशने होते. दवाखान्याचे दार, खुर्ची, दिवा आणि डॉक्टरांचा मास्क घातलेला व न घातलेला चेहरा यांचे फोटो आधी काढून आणून ते क्रमाने रोज दाखवावेत. ‘काही दुखणार नाही’ असे मात्र सांगू नये. दुखले तर हात वर कर, डॉक्टर थांबतील, असे सांगावे आणि डॉक्टरांकडून तसे कबूल करून घ्यावे.

प्रवासासाठी लोकलमधला दिव्यांगांचा डबा असला तरी कार्यालयीन गर्दीची वेळ टाळावी, आणि पावसाळ्यात समुद्राच्या मोठ्या भरतीच्या दिवशी तारीख न घेतलेली बरी. पिशवीत ओळखीचा ब्रश, गडद चष्मा, कानांवरचे हेडफोन, जास्तीचे कपडे, लाळेसाठी रुमाल आणि दुपारची औषधे असावीत.

खुर्चीत हातपाय धरून उपचार उरकण्याचा प्रस्ताव आला, तर रक्तस्राव किंवा चेहऱ्यावर पसरणारी सूज यांसारखी तातडी नसल्यास तो नाकारावा. कीड थोपवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड ड्रिलशिवाय लावता येते. त्याने किडलेला भाग काळा पडतो, हे आधी समजून घ्यावे. काम बरेच असेल तर पूर्ण भुलेखाली सगळे एकाच वेळी करून घेणे कित्येकदा अधिक दयेचे ठरते. भुलेआधी साधारणपणे ६ तास अन्न आणि २ तास पाणीही बंद असते, म्हणून डबे नजरेआड ठेवावेत, आणि फिटची सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारावे. कानाची तपासणी किंवा रक्ताचा नमुना त्याच भुलेत घेता येईल का, हेही विचारण्यास संकोच करू नये.

हिरडीत इंजेक्शन दिले असेल तर ओठ व गाल दोन-तीन तास बधिर राहतात आणि त्या काळात व्यक्ती नकळत ते चावून जखम करून घेते. बधिरता जाईपर्यंत खायला देऊ नये आणि एका माणसाने तिच्यापाशीच बसावे. निघण्यापूर्वी पुढची तारीख घ्यावी, शक्यतो तीन ते सहा महिन्यांत, आणि त्या दिवशी व्यक्तीने काय सहन केले व कुठे थांबावे लागले, हे पहिल्या कागदावर तिथेच लिहून घ्यावे.