फुटबॉलवाल्या पोराला फौजेत जायचं असेल तर आधी हे बघ

भाऊ, क्लबकडून पैसे घेऊन खेळतोय अन डोक्यात फौज बसलीय तर पहिले एक ठरव, वर्दी घालून फुटबॉलच खेळायचाय का खरंच बंदूक घेऊन ड्युटी करायचीय, दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत आणि जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं इथंच गोंधळतात.

खेळायचं असेल तर स्पोर्ट्स कोटा. हवालदार नाहीतर नायब सुभेदार म्हणून थेट एंट्री, पण सर्टिफिकेटं वरच्या लेव्हलची लागतात, गावच्या टुर्नामेंटची ढाल घरीच ठेव. सर्व्हिसेसची (म्हणजे फौजेतल्या खेळाडूंची) टीम हलकी समजू नको, 2023-24 ची संतोष ट्रॉफी (राज्यांच्या टीमची राष्ट्रीय स्पर्धा) गोव्याला फायनलला हरवून त्यांनीच नेली.

सैनिकच व्हायचंय तर अग्निवीर, म्हणजे ठराविक वर्षांसाठीची सैनिक भरती. 4 वर्षं नोकरी, पुढे जास्तीत जास्त 25 टक्के पोरं ठेवतात. वयाची अट जाहिरातीत बघ. लग्न झालेलं चालत नाही, म्हणजे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सीझनला घरचे मुलगी बघायला निघाले तर आधीच थांबव.

पहिले ऑनलाइन परीक्षा, मग ग्राउंड. फुटबॉलवाले 1600 मीटरला हमखास फसतात!! आपल्या पायाला पळ-थांब-पळची सवय आणि इथं 400 च्या ट्रॅकवर चार राउंड एका लयीत मारायचे, 5 मिनिटं 30 सेकंदांच्या आत आला तर फुल मार्क म्हणजे राउंडला 82 सेकंद, पहिला राउंड जोशात 70 मध्ये मारला की तिसऱ्यात पाय जड झालाच समज. बीमला 10 पुलअप्स, गोलकीपर सोडले तर आपले हात कच्चेच असतात, त्यावर आजपासून लाग. अन प्रॅक्टिस सकाळी सहाच्या आत, मे महिन्यातलं आपलं ऊन तुला सांगायला नको.

मेडिकलला दोन गोष्टी नडतात. एक गुडघा, लिगामेंटचं ऑपरेशन झालं असेल तर आधीच चांगल्या ऑर्थोला दाखव, तिथं जाऊन लपवू नको. दुसरं टॅटू. प्लेयर लोकांसारखा खांद्यापासून मनगटापर्यंत हात भरून काढला असेल तर अवघडंय, कोपर ते मनगट आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागेच चालतो. सातपुड्यातल्या आदिवासी पोरांच्या पारंपरिक गोंदणाला मात्र वेगळी सूट आहे.

क्लबचा करार चालू असेल तर रिलीज लेटर लेखीच घे, तोंडी 'जा रे' वर विसंबू नको.

वय निघून गेलं पण ग्रॅज्युएट आहेस, कमावतोस, तर वयाच्या 42 पर्यंत टेरिटोरियल आर्मीच्या (आपली नोकरी-धंदा सांभाळून करायच्या फौजेच्या) ऑफिसरचा फॉर्म भरता येतो. धोनीला 2011 ला तिथं मिळाली ती मानद रँक, तुला परीक्षा अन एसएसबी (ऑफिसर निवडीची मुलाखत) द्यावीच लागेल. वय बसत असेल तर सीडीएस (फौजेत ऑफिसर व्हायची यूपीएससीची परीक्षा) दे, लेखी पास झालास की एसएसबीची तयारी नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात फुकट करून घेतात.